वाचकांचे प्रश्न : समुद्रतळाशी रुतलेली जहाजे

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या गाळात रुतलेली सबमर्सिबल मोटार चेन-कप्पीने काढताना चौघांच्या नाकी नऊ आले. मग हजारो टनांची जहाजे समुद्रतळावरून कशी काढतात? तेवढी मोठी क्रेन असते का?
— एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : आपल्याला त्रास झाला तो मोटारीच्या वजनापेक्षा काळ्या मातीच्या गाळाचा, आणि समुद्रातही खरी अडचण हीच असते. चिकण गाळात बसलेली वस्तू उचलू लागले की तिच्याखाली पाणी लवकर शिरत नाही, तेथील दाब घटतो आणि वरचे पाणी तिला दाबून धरते. ही पकड सोडवायला वजनाहून बरेच अधिक बल लागते. पण ती सुटताच तेच जादा बल वस्तूला झटक्याने वर ओढते. म्हणून आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाळ मोकळा करतात, एक टोक किंचित उचलतात आणि ताण धरून थांबतात.

लहान वस्तूंना हवेच्या पिशव्या पुरतात, कारण एक घनमीटर हवा साधारण एक टन भार पेलते. मात्र 30 मीटर खोलीवर भरलेली हवा वर येईपर्यंत चौपट फुगते. बंद पिशवीला झडप नसेल तर ती फुटलीच म्हणून समजा.

तरंगत्या क्रेन असतातच, पण ऑगस्ट 2000 मध्ये बॅरेंट्स समुद्रात सुमारे 108 मीटर खोलीवर बुडालेली ‘कुर्स्क’ ही रशियन पाणबुडी ऑक्टोबर 2001 मध्ये क्रेनशिवाय काढली गेली. पुढच्या भागात न फुटलेले टॉर्पेडो असण्याची भीती होती, त्यामुळे तो भाग तळाशीच तारेच्या करवतीने कापून वेगळा केला. मग डायव्हरांनी पाडलेल्या 26 भोकांत पोलादी दोरांचे जुडगे अडकवले आणि ‘जायंट 4’ या बार्जवरील (सपाट, रुंद मालवाहू नौकेवरील) 26 हायड्रॉलिक जॅकांनी ते थोडे थोडे ओढून घेतले. लाटेबरोबर बार्ज उचलला गेला असता तर हे दोर तुटले असते. म्हणून प्रत्येक जॅकखाली दाबयुक्त नायट्रोजनची सिलिंडरे बसवून तो हिसका जिरवला. माझ्या मते या मोहिमेतील सर्वांत हुशारीचा भाग हाच.

बार्जच्या पोटाशी आवळलेली पाणबुडी पुढे मुर्मान्स्कजवळच्या रोस्ल्याकोवोला नेली, तेथे दोन पाँटूनांच्या (पोकळ तरंगत्या पेट्यांच्या) आधाराने बार्जच उंच केला आणि मग ती तरंगत्या गोदीत बसवली.