विचारा सिस्टरांना: ‘नर्सने आधी ढकललं, असं सांग’

प्रश्न: सिस्टर, आम्ही सिडकोत राहतो. मध्यंतरी रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. तासाभरात ते गेले. धाकटे दीर आणि त्यांच्या मित्रांनी कॅज्युअल्टीची (तातडीच्या विभागाची) काच फोडली, ड्युटीवरच्या नर्सच्या कानाखाली मारली. मी तिथेच उभी होते. तिने कुणाला हातही लावला नव्हता. आता गुन्हा दाखल झालाय. घरात सगळे म्हणतात, ‘बाप गेल्यावर पोराचं डोकं फिरणारच. पोलिसांना सांग, नर्सने आधी ढकललं.’ सासूबाई म्हणतात, इंजेक्शन दिलं आणि लगेच गेले, म्हणजे त्यांनीच मारलं. मी काही बोलले की विचारतात, तू कोणाच्या बाजूची? काय करू?
– एक सून, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, खोटा जबाब देऊ नका. हे आधी सांगते, कारण बाकीचं बोलायला वेळ आहे. आज पोलिसांना खोटं सांगितलंत, की उद्या कोर्टात शपथेवर तेच रेटत बसावं लागेल.

सासूबाईंच्या बोलण्याचा मला राग येत नाही. ‘इंजेक्शन दिलं आणि गेले’ हे वाक्य कॅज्युअल्टीत मी नोकरीभर ऐकलं. हृदय बंद पडत आलं की छाती दाबायला घेतात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, छाती दोन इंच आत जाईल इतक्या जोराने. वयस्कर माणसाची बरगडीही मोडते त्यात. दर तीन ते पाच मिनिटांनी, हृदय पुन्हा चालू व्हावं म्हणून, इंजेक्शनने अ‍ॅड्रिनॅलिन देतात. पडद्याच्या फटीतून घरच्यांना दिसतं ते एवढंच: कुणीतरी आपल्या माणसाच्या छातीवर जोर लावतंय, सुई टोचतंय, आणि मग सगळे थांबतात. माणूस हातचा जात होता म्हणून ते इंजेक्शन दिलं, हे त्यांना कुणीतरी बाहेर येऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नसेल, तर ती त्या हॉस्पिटलची चूकच आहे. पेशंट आत आणि नातेवाईक तासभर दाराबाहेर ताटकळलेले, बोलायला आला तो फक्त डिपॉझिट मागायला, असं होतं. संताप तिथेच साठतो.

पण ‘डोकं फिरणारच’ हे मला पटत नाही. डोकं फिरलेला माणूस मोठ्या डॉक्टरांच्या अंगावर सहसा जात नाही. तो सिस्टरच्या, मामा-मावशीच्या (वॉर्डबॉय-आयांच्या), सिक्युरिटीवाल्याच्या, नाहीतर नुकत्याच शिकून आलेल्या डॉक्टरच्या अंगावर जातो. म्हणजे कुणाला मारलं तर चालून जाईल, एवढं भान त्याला त्या क्षणीही असतं. तुमच्या दिरांनाही होतं. त्या मुलीने ना औषध ठरवलं होतं, ना बिल. त्या रात्री इतर पेशंटही तिच्या भरवशावर असणार. काच फुटल्यावर त्यांच्याकडे कोण बघत होतं, हे घरात एकदा विचारा.

शेजारच्या धुळ्यात मार्च 2017 मध्ये काय झालं ते आठवत असेल. अपघाताचा पेशंट होता, डोक्याला मार होता. त्याला दुसरीकडे हलवायला सांगितलं म्हणून नातेवाइकांनी निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण हायकोर्टात पोचलं. सरकारी रुग्णालयांत पेशंटसोबत दोनच नातेवाइकांना पास, हा नियम तेव्हापासून कडक झाला. आणि ज्याचा फारसा बोभाटा होत नाही असंही एक घडतं: मार खाल्लेलं छोटं हॉस्पिटल सिरियस पेशंट घ्यायलाच कचरतं. ‘आमच्याकडे सोय नाही, सिव्हिलला न्या’ म्हणून मोकळं होतं. सुरगाण्या-पेठहून घाट ओलांडून आलेल्या पेशंटला नाशकात पोचल्यावरही दुसरं दार शोधायला लावायचं, तर हातची वेळ जाते. तुमच्या दिरांच्या त्या थपडेची किंमत असा कुणीतरी मोजणार आहे.

कायद्याचंही घरच्यांच्या कानावर घाला. महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी वेगळा कायदा आहे. डॉक्टर, नर्स किंवा कुठल्याही आरोग्य कर्मचाऱ्याला मारलं तर गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि अजामीनपात्र. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि फोडलेल्या वैद्यकीय यंत्राच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. ‘मिटवून टाकू’ म्हणत त्या नर्सच्या घरी कुणीही जाऊ नका. माफी मागायला गेलात तरी तो दबाव ठरू शकतो. जे काही म्हणायचं ते वकिलामार्फत.

आता तुमच्या घराची खरी तक्रार. ती आहे, आणि ती सोडून द्या असं मी म्हणणार नाही. तुमचे यजमान किंवा सासूबाई यांच्या सहीने हॉस्पिटलला अर्ज द्या: केसपेपर, ईसीजी, दिलेल्या औषधांच्या वेळा, सगळ्याच्या प्रती हव्यात. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार मागितल्यापासून 72 तासांत त्या द्याव्या लागतात. ईसीजी किती वाजता काढला आणि पहिलं औषध किती वाजता गेलं, या दोन वेळा आधी बघा. मग ते कागद ओळखीच्या, पण त्या हॉस्पिटलशी संबंध नसलेल्या फिजिशियनला दाखवा. हयगय दिसली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. पोस्टमॉर्टेम झालं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे ‘देहाची विटंबना नको’ म्हणून नकार देतात आणि मग मृत्यूचं कारण सिद्ध करणं फार अवघड होतं. झालं नसेल तर त्या कागदांवरच भिस्त आहे, म्हणून अर्जाला उशीर करू नका.

आणि ‘तू कोणाच्या बाजूची?’ याचं उत्तर दिरांना एकट्याला गाठून द्या, सगळ्यांसमोर नको. सांगा, की मी बाबांच्या बाजूची आहे. त्यांचं काय झालं ते मला कळायला हवंय, आणि त्या मुलीवर खोटं घातलं तर आपल्या खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. ऐकतील की नाही, ते आज सांगता येत नाही. अर्ज मात्र उद्याच द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.