वहीतली सत्कर्मं

मिरज, रविवार संध्याकाळ

प्रिय बाळा,
प्रभूच्या नावात सलाम.

उपासनेहून आल्यावर तुझं पत्र दोनदा वाचलं. तू चांगल्या कामांची वही ठेवतोस, तारीख टाकतोस, पुढे बरोबरची खूण करतोस, हे वाचून आधी हसू आलं आणि मग पोटात जरा कालवलं. आणि आता तरुण संघात कुणी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन काढून सांगितलं की आपली धर्मकृत्यं म्हणजे मळकी वस्त्रं, तारण, म्हणजे पापातून सुटका, फक्त विश्वासानं. मग करायचंच कशाला, असं तू विचारतोस.

तो मुलगा खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. बायबलमधल्या, पौल प्रेषितानं लिहिलेल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ. आठव्या-नवव्या वचनापाशी सगळे थांबतात, कारण पाठांतर तेवढंच करून घेतलेलं असतं. (संडे स्कूलमध्ये मीच करून घेतलंय, कुणाला बोलू!) कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कुणी बढाई मारू नये म्हणून कर्मांनी नाही. पण दहाव्यात पौल लगेच म्हणतो की आपण देवाची हस्तकृती आहोत, सत्कृत्यांसाठीच घडवलेले. तारणाचं भाडं म्हणून ती भरायची नसतात. घर आधीच मिळालंय, आता त्यात राहायचं कसं एवढाच प्रश्न. विश्वासावर सगळा भार टाकणारा धर्मसुधारक मार्टिन लूथर कर्मांवर भर देणाऱ्या याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हणाला खरा, पण १५२२ मध्येच रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानं लिहिलं की जिवंत विश्वास चांगलं करायचं का असं विचारत बसत नाही, विचारण्याआधीच करून मोकळा होतो. तुमच्या संघात हेही वाचा.

शास्त्र पुरे. नर्सिंग शिकत असताना माझी पहिली ड्यूटी कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात लागली. सुन्न पाय वीसेक मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी हलक्या हातानं घासायची, ओल असतानाच तेल लावायचं. पहिल्या दिवशी एका बाबांचे पाय हातात घेतले आणि मला प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते आठवलं. डोळे भरून आले. स्वतःचंच मोठं कौतुक वाटलं. मागून मोठ्या सिस्टर आल्या नि म्हणाल्या, "रडून झालं असेल तर टाच बघ." टाचेला भेग होती आणि भेगेत खडा. बाबांना तो कळणं शक्यच नव्हतं, पाय सुन्न. कळायला हवा होता मला, आणि मी तर भक्तीत होते.

मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली इथं दवाखाना उघडला. त्यांचं नाव लांबलांबच्या खेड्यांत पोचलं ते ऑपरेशन करणाऱ्या हातामुळे. म्हणून सांगते, आधी काम नीट शीक. मदत करतोय म्हणून ढिसाळपणा चालत नाही. आणि एक जपायचं: त्या मदतीला गळ लावायचा नाही. पेशंट आपल्या प्रार्थनेला बसला काय, न बसला काय, ड्रेसिंग तेच आणि तेवढ्याच हळूपणानं.

दुसरी गोष्ट सांगायला अजूनही जड जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आम्ही काही जण एका शाळेत पूरग्रस्तांना किट वाटत होतो. एका बाईला पिशवी दिली, आमच्यातल्या एकानं फोटो काढला, तो हलला. मी त्या बाईला म्हटलं, "ताई, परत एकदा धरा." तिनं पिशवी माझ्या हातात परत दिली आणि परत घेतली. पदर डोळ्यांपर्यंत ओढून. नंतर कळलं की पिशवीत तांदूळ, डाळ, तेल सगळं होतं, पण चूल पेटवायला तिच्याकडे काही नव्हतं. विचारलंच नव्हतं आम्ही. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये म्हणतो प्रभू, आणि आम्ही तर दोन्ही हात फोटोत घेतले होते.

वही फाडू नकोस. कागद चांगला आहे. फक्त मागची पानं उलटून कोऱ्या पानावर दुसरंच लिही: कुणाची बीपीची गोळी कधी संपते, कुणाला फॉर्म वाचता येत नाही, कुणाच्या घरी आठवडाभर कुणी गेलेलं नाही. स्वतःचं नाव त्यात कुठंच घालू नकोस. काम झालं की ओळ खोडायची. आणि महिनाभर एकही ओळ खोडली गेली नाही तरी देव तुझ्यावर रुसत नाही, हे मला तुझ्या आईसारखं बजावून सांगायचंय. थकला असशील तर झोप.

बुधवारी आमच्या गल्लीतल्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मुलगा पुण्याला, रजा मिळत नाही म्हणतो. सकाळी सातला त्यांना रिक्षात बसवायला एक धडधाकट माणूस हवा, कारण माझे गुडघे आता ऐकत नाहीत. तू ये. चहा घेऊनच जाऊ. त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा उजव्या बाजूनं बोल.

तुझी,
संडे स्कूलची बाई