वाचकांचे प्रश्न : विस्कॉन्सिनचे क्रौंच आणि शिकारीचा हंगाम

प्रश्न : गेल्या वसंतात मुलीकडे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहिले, तेव्हा मक्याच्या शेतांत उंच, राखाडी आणि कपाळ लाल असलेल्या पक्ष्यांच्या जोड्या रोज दिसत. हे सँडहिल क्रौंच असून त्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू करावा, अशी मागणी तिथे वारंवार होते आणि पक्षिनिरीक्षक ती हाणून पाडू पाहतात, असे कळले. पक्षी दुर्मीळ नसेल आणि शेतकऱ्याचे नुकसान करत असेल, तर हा विरोध निव्वळ भावनेपोटी आहे असे का म्हणू नये?

उत्तर : आपल्या प्रश्नातली पहिली गोष्ट मान्य करूनच पुढे जायला हवे. आपल्याकडच्या सारसाचा जवळचा नातलग असलेला हा पक्षी आज दुर्मीळ नाही, आणि हंगाम सुरू होताच तो नामशेष होईल असे जे पक्षिनिरीक्षक सांगतात, ते स्वतःचीच बाजू कमकुवत करतात. टेक्सास आणि न्यू मेक्सिको राज्यांत त्याची शिकार १९६१ पासून होते. पूर्वेकडील थव्यांसाठी केंटकीने २०११ मध्ये, टेनेसीने २०१३ मध्ये आणि अलाबामाने २०१९ मध्ये परवानगी दिली. टेनेसीत तर विरोधामुळे २०११ मध्ये निर्णय दोन वर्षे पुढे ढकलला गेला होता. विस्कॉन्सिनमध्ये २०१२ आणि २०२१ मध्ये आलेली विधेयके संमत झाली नाहीत, तरी विषय मिटलेला नाही.

विरोधाचा खरा आधार या पक्ष्याच्या संथ प्रजननात आहे. मादी सहसा दोनच अंडी घालते, त्यांतले बहुधा एकच पिल्लू जगते, आणि ते पहिल्या हिवाळ्यात आईबापांबरोबर दक्षिणेकडे जाऊन वाट शिकते. पुढे स्वतःची वीण सुरू करायला त्याला अनेक वर्षे लागतात. दरवर्षी आठ-दहा पिल्ले काढणाऱ्या बदकांच्या शिकारीचे गणित इथे लावता येत नाही. १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याने शिकार बंद झाली, तरी पाणथळ जागा कोरड्या करणे चालूच राहिल्याने १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये वीण करणाऱ्या जेमतेम पंचवीस जोड्या उरल्या होत्या, आणि तिथून आजच्या संख्येपर्यंत यायला कित्येक दशके गेली. हा इतिहास माहीत असलेल्या माणसाने सावध राहावे, यात भावनेपेक्षा अनुभवच अधिक आहे.

आता शेतकऱ्याची तक्रार. ती खोटी नाही. पेरणीनंतर मका उगवू लागला की क्रौंच ओळीने चालत जातो, चोच खुपसून कोवळ्या कोंबाखालचा दाणा उपसून खातो आणि एका सकाळी बरेच वाफे रिकामे करतो. परंतु हे नुकसान वसंतात होते आणि शिकारीचा हंगाम शरदात असतो, जेव्हा त्याच शेतात उत्तरेकडून आलेले परके थवेही उतरलेले असतात. ऑक्टोबरमध्ये मारलेला पक्षी मे महिन्यात आपल्या शेतात आलेलाच होता, हे कोणी सांगावे? त्यापेक्षा बियाण्याला अँथ्राक्विनोन या रसायनाचा लेप देण्याचा उपाय नेमका आहे : दाणा बेचव लागल्याने पक्षी तो सोडतो आणि त्याच शेतातल्या अळ्या, किडे आणि गेल्या हंगामातले सांडलेले दाणे खातो. विस्कॉन्सिनमधल्याच बाराबू गावाजवळच्या इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन या १९७३ साली स्थापन झालेल्या संस्थेने या उपायाचा पाठपुरावा केला आहे. लेपाचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या खिशातून जातो. तो कोणी सोसायचा, यावर चर्चा झाली तर हंगामाच्या वादापेक्षा ती अधिक फलदायी ठरेल, असे मला वाटते.

शिकाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला विचार करायला लावतो. पिकांचे नुकसान करणारे क्रौंच मारण्याचा केंद्रीय परवाना शेतकऱ्याला आजही मिळतो. पण त्या परवान्यावर मारलेल्या पक्ष्याचे मांस खाता येत नाही, ते वाया जाते. पक्षी मरणारच असेल तर तो ताटात तरी यावा, या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त त्यावरून पूर्ण हंगाम सुरू करावा असे सिद्ध होत नाही. परवान्याची अट बदलावी, एवढेच सिद्ध होते.

प्रश्न : पांढऱ्या हूपिंग क्रौंचाचा या वादाशी काय संबंध?

उत्तर : संबंध असा की १९४१ साली जगात केवळ वीस-बावीस उरलेल्या या पक्ष्याचा एक थवा विस्कॉन्सिनमध्ये नव्याने वसवला गेला. २००१ पासून काही वर्षे नेसीडाह अभयारण्यातील पिल्लांना हलक्या विमानामागून उडवत फ्लोरिडापर्यंतची वाट शिकवली गेली. हे हूपिंग क्रौंच सँडहिल थव्यांत मिसळून चरतात. प्रौढ हूपिंग पांढराशुभ्र आणि पंखांच्या टोकाला काळा असतो, म्हणून चूक होणार नाही असे म्हणतात. पण पहाटेच्या अर्धवट उजेडात, वर उडणाऱ्या थव्याकडे पाहताना, तांबूस पिसांचे कोवळे पिल्लू ओळखणे इतके सोपे नसते. केंटकी आणि टेनेसीत शिकाऱ्याला ओळखपरीक्षा द्यावी लागते, ती याच भीतीपोटी.

प्रश्न : संवर्धनाचा पैसा शिकारीच देतात, पक्षिनिरीक्षक नुसते दुर्बीण घेऊन फिरतात, हा आरोप खरा आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरा आहे, आणि निरीक्षकांनी तो टाळू नये. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. दुर्बिणीवर असा केंद्रीय कर नाही. शिवाय आज क्रौंच ज्या दलदलीत वीण करतो, त्यांतल्या कित्येक जागा बदकांच्या शिकारीसाठी राखल्या गेल्या होत्या. मात्र निरीक्षकालाही वाट मोकळी आहे : १९३४ पासून चालत आलेले, सध्या पंचवीस डॉलरचे ‘डक स्टॅम्प’ हे बदकांच्या शिकाऱ्यांसाठीचे केंद्रीय तिकीट शिकारीचा परवाना नसलेल्यालाही टपाल कार्यालयात मिळते आणि त्याची जवळजवळ सर्व रक्कम पाणथळ जमीन विकत घेण्यासाठी किंवा भाड्याने घेऊन राखण्यासाठी खर्च होते. आपली मुलगी क्रौंच पाहायला जात असेल, तर तिने एक जरूर घ्यावे.