बिल नंबर ४१, ४२, ४३

प्रिय,

तुझा मेल मिळाला. तीन दिवसांची लेजर स्क्रुटिनी, म्हणजे खातेवह्यांची छाननी, एआयने पंधरा मिनिटांत उरकली, मग सीए होण्याआधीच्या उमेदवारीच्या, आर्टिकलशिपच्या, दोन वर्षांत आम्ही शिकायचं काय, हा तुझा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

टूल जरूर वापर. खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (जीएसटी पोर्टलवरचं खरेदीचं विवरण) जुळवण्यात शिकण्यासारखं असतं ते पहिल्या महिन्यात शिकून होतं, पुढे नुसते डोळे शिणतात. साठ पानी भाडेकरारातून लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी करार न मोडण्याची अट) आणि भाडेवाढीची कलमं ते काढून देत असेल, तर तेही घे.

त्याच्याकडून कोर्टाचे निकाल शोधायला बसशील तेव्हा मात्र सावध राहा. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराची एक असेसमेंट ऑर्डर, म्हणजे करआकारणीचा आदेश, रद्द केली. कंपनीने सुमारे ३ कोटींचं उत्पन्न दाखवलं होतं, खात्याने ते जवळपास २८ कोटी धरलं, आणि त्यात ज्या तीन निकालांचा आधार घेतला ते अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे ठेवलेले निकाल पडताळल्याशिवाय वापरायचे नाहीत, असं न्यायालयाने बजावलं. २०२३मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांना अशाच बनावट निकालांपायी ५ हजार डॉलर दंड झाला होता. अशा निकालांत पक्षकारांची नावं, वर्ष, सायटेशन (निकालाचा संदर्भ क्रमांक) सगळं जागच्या जागी असतं, त्यामुळे संशयच येत नाही. म्हणून मूळ निकाल उघडून तो परिच्छेद वाचल्याखेरीज ड्राफ्ट माझ्या टेबलावर आणू नकोस.

क्लायंटचे कागद एआयच्या फुकटच्या खात्यात चढवायचे नाहीत, कधीच. त्याच्या संमतीविना माहिती बाहेर गेली तर १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याखाली ते गैरवर्तन ठरतं.

आता शिकायचं काय. मी आर्टिकल असताना एका संस्थेची छपाईची बिलं तपासत होते. एप्रिलचं बिल नंबर ४१, जुलैचं ४२, नोव्हेंबरचं ४३. रकमा बरोबर, सही-शिक्का बरोबर. मनात आलं, सात महिन्यांत या छापखान्याला दुसरं गिऱ्हाईकच मिळालं नाही? पत्ता शोधत गेले, तर तिथे पिठाची गिरणी! नंबरांचा हा मेळ आज टूलही दाखवेल. पण रिपोर्टमध्ये अशा दोनशे ओळी लाल होऊन येतात. त्यातल्या कुठल्या ओळीसाठी खुर्चीतून उठून रिक्षा पकडायची, हे कळायला आधी ढीगभर बिलं हाताखालून गेलेली असावी लागतात. पडद्यावरच्या गोषवाऱ्यातून ती नजर तयार होताना मी अजून पाहिलेली नाही, आणि तुझ्या बॅचची मला खरी काळजी वाटते ती याचीच.

सोमवारी नवं ऑडिट सुरू होतंय. टूल चालवण्याआधी पन्नास व्हाउचर हाताने बघ, खटकेल ते पेन्सिलने लिहून ठेव. संध्याकाळी रिपोर्ट शेजारी घेऊन बसू. तुला दिसलं पण त्याला दिसलं नाही, ते आधी बघू.

तुझी,
ताई