वाचक विचारतात : बालवाडीतल्या मुलांना गोरिला कसा सांगावा?

प्रश्न : मी सोलापुरात बालवाडी चालवते. तक्त्यावरचा गोरिला दाखवला की चार-पाच वर्षांची मुले मुठी आवळून छाती बडवतात, आणि एक-दोघे घाबरून माझ्या पदराआड लपतात. भीती न घालता, पण खोटेही न सांगता, या प्राण्याची ओळख कशी करून द्यावी? त्याच्यावरील संकटांविषयी या वयात बोलावे का?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : तक्त्यावरचा नर तूर्त बाजूला ठेवावा आणि सुरुवात पिल्लापासून करावी, असे मला वाटते. जन्मतः त्याचे वजन सुमारे दोन किलो, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक तान्ह्या बाळांपेक्षाही कमी असते, आणि ज्यांच्या घरी नुकतेच भावंड आले आहे त्या मुलांना एवढे सांगितले तरी पुरते. पहिले काही महिने ते आईच्या पोटाशी बिलगून असते, मग तिच्या पाठीवर बसून हिंडू लागते आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिचेच दूध पिते.

त्यानंतर त्याचा दिवस गोष्टीसारखा सांगावा. सकाळी सारे कुटुंब चरायला निघते, दुपारी मोठी मंडळी पहुडतात आणि पिल्ले त्यांच्या अंगावर चढून दंगा करतात, पुन्हा खाणे होते आणि अंधार पडण्यापूर्वी प्रत्येक मोठा गोरिला फांद्या व पाने वाकवून, दुमडून स्वतःचे अंथरूण तयार करतो. पिल्लू आईच्या अंथरुणात निजते. हे अंथरूण एका रात्रीपुरतेच असते. दुसऱ्या संध्याकाळी नवे करायचे. सोलापुरी चादरीची घडी घालणाऱ्या मुलांना ही गंमत लगेच कळेल, आणि अंगणात पाल्याचे असे अंथरूण करून पाहणे हा तक्त्यापेक्षा सरस पाठ होईल.

पर्वतीय गोरिला रवांडा, युगांडा आणि काँगो या देशांतील थंड, धुक्याच्या डोंगरांत राहतात, काही तर आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर. आपण उसाचे कांडे सोलतो तसे ते रसाळ देठ सोलून खातात, आणि ओल्या पाल्यातूनच बरेचसे पाणी मिळत असल्याने त्यांना वेगळे पाणी प्यावे लागतेच असे नाही. (नळाला पाणी येण्याच्या दिवसाची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलांना याचा हेवा वाटला तर नवल नाही.) चित्रात त्यांच्या हाती हटकून केळे दिलेले असते, या तीन देशांच्या सीमेवरील विरुंगा डोंगररांगेत मात्र फळे फार थोडी. सखल जंगलांतले त्यांचे भाऊबंद फळे आवडीने खातात.

आता नराकडे वळावे. त्याचे वजन दीड क्विंटलहून अधिक भरू शकते आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याची पाठ रुपेरी होऊ लागते. कुठे चरायचे, केव्हा विसावायचे हे बहुधा तोच ठरवतो. छाती तो मुठींनी नव्हे, तर किंचित वाकवलेल्या तळव्यांनी बडवतो, म्हणूनच तो पोकळ आवाज दूरवर जातो. मी येथे आहे, मी मोठा आहे, असे कळवून पुष्कळदा प्रत्यक्ष मारामारी त्याला टाळता येते. पिल्लेही खेळताना छाती बडवतात. आपल्या घाबरणाऱ्या मुलांना तळवे वाकवून तो आवाज स्वतः काढू द्यावा. शेपूट नाही, म्हणून गोरिला माकड नव्हे, हेही ओघात सांगता येईल.

संकटांविषयी बोलावे, पण थोडक्यात : माणसे जंगल तोडतात, आणि हरणांसाठी लावलेल्या फासात कधी गोरिलाचा हात अडकतो. त्यालाच जोडून हेही सांगावे की वनरक्षक रोज हिंडून ते फास काढतात आणि पर्वतीय गोरिलांची संख्या आता हजारावर गेली आहे. रवांडात तर २००५ पासून पिल्लांचे जाहीर बारसे होते. त्या सोहळ्याला ‘क्विता इझिना’ म्हणतात, आणि त्याचे मूळ तेथील माणसांच्या बाळांना नाव ठेवण्याच्या जुन्या प्रथेत आहे. आपल्या वर्गात कापडाचे एक पिल्लू पाळण्यात घालून नाव काय ठेवायचे ते मुलांनाच विचारावे. घुगऱ्या वाटल्या तर लपणारी दोघेही पुढे येतील.