बॅश स्क्रिप्टमधलं इफ चालत नाहीये? आधी हे बघ

अरे, नवीन असताना बॅशचं (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या शेलचं) इफ सगळ्यांनाच छळतं, सोडू नकोस. आधी स्पेस बघ, इफची अट ज्या चौकटी कंसात [ ] लिहितोस त्याच्या आत दोन्ही बाजूंना स्पेस हवीच कारण [ ही खरं तर एक कमांडच आहे, आणि व्हेरिएबलला व्हॅल्यू देताना मात्र = च्या आजूबाजूला अजिबात स्पेस नको (हो, उलटंच आहे सगळं).

दुसरं, स्ट्रिंगचं (म्हणजे मजकुराचं) व्हेरिएबल कायम डबल कोट्समध्ये टाक. नाहीतर ते रिकामं निघालं की कंसात डावीकडे काहीच उरत नाही आणि 'युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड' असा एरर येतो. सिंगल कोट्स नको, त्यात $ ची व्हॅल्यू येतच नाही.

- तुलना करताना स्ट्रिंगला =, आकड्यांना मायनस ईक्यू (-eq)
- रिकामं आहे का? मायनस झेड (-z)
- इफ बंद करायला शेवटी फाय (fi) विसरू नको

रेजेक्स (मजकुरातले पॅटर्न जुळवायची पद्धत) वगैरे नंतर. अडलास तर बॅश मायनस एक्सने (bash -x) स्क्रिप्ट चालव, कुठली ओळ काय करतेय ते दिसतं.