जिवाचा नांगर: शेतातला की जहाजाचा?

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं, की त्या शेजारच्या ख्रिश्चन काकूंच्या अंत्यविधीला गेल्या होत्या, तिथं पाळकसाहेबांनी बायबलमधनं वाचलं की आशा ही 'जिवाचा नांगर' आहे. त्यांना दोन गोष्टी उमगल्या नाहीत. नांगराचा आणि आशेचा काय संबंध, आणि माणूस गेल्यावर आशा धरायची तरी कशाची? शिवाय काकूंच्या मुलाला सांत्वनाचा मेसेज लिहायचाय तर त्यात काय लिहावं.

ताई, पहिलं म्हणजे हा नांगर शेतातला नाही, जहाजाचा आहे. पण तुमच्या डोळ्यापुढं शेतातलाच आला त्यात नवल नाही, आपल्या सोलापूरकरांना समुद्र कुठं बघायला मिळतो, पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव नाहीतर उजनी, आणि नांगर म्हणलं की काळी रानं आणि ढेकळंच. हिंदीवाल्यांची ही अडचण होत नाही, त्यांचा शेतातला हल वेगळा आणि जहाजाचा लंगर वेगळा. आपल्याकडं संस्कृतातला लांगल आणि फारसीतला लंगर दोन्ही एकाच 'नांगर' शब्दात येऊन बसलेत. क्रियापदसुद्धा एकच, शेतही नांगरतात आणि किनाऱ्याला होडीही नांगरून ठेवतात.

मी जहाजाचा नांगर पहिल्यांदा नीट बघितला तो रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या जेटीवर. एका खलाशानं लोखंडी आकड्यांचा नांगर उचलून पाण्यात टाकला, दोर सरसर सरसर सुटत गेला आणि एकदम ताठ झाला. होडी लाटेबरोबर वर-खाली होत होती, वाऱ्यानं तोंडही फिरवत होती, पण जागा सोडत नव्हती. आणि मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हे की नांगर स्वतः दिसतच नव्हता, दिसत होता फक्त ताणलेला दोर. तेव्हा मला ते वचन कळलं.

ते वचन बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्र' ह्या पुस्तकातलं, 6 वा अध्याय, 19 वं वचन. तिथं पुढं असं आहे की हा नांगर पडद्याच्या आतल्या बाजूला पोचतो. पडदा म्हणजे यरुशलेमच्या ज्यू मंदिरातला, त्याच्या आत परमपवित्रस्थान, म्हणजे गाभारा, आणि तिथं वर्षातनं एकदाच फक्त मुख्य याजक, म्हणजे मुख्य पुजारी, जायचा. लिहिणारा म्हणतोय की येशू आपल्या आधी तिथं आत गेलाय, म्हणून आपला दोर तिथं अडकलेला आहे. म्हणजे इतर नांगर खाली चिखलात रुततात, हा देवाजवळ रुतलाय, डोळ्याला न दिसणाऱ्या जागी. लाटा बंद होतील असं कुठंच म्हणलेलं नाही, होडी हलणारच, फक्त वाहून जाणार नाही. रोममधल्या कॅटाकोम्बमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या भुयारी दफनभूमींमध्ये, थडग्यांवर नांगराची चित्रं कोरलेली आहेत ती ह्याच अर्थानं.

आता खरी गडबड 'आशा' शब्दाची आहे. आपल्या रोजच्या बोलण्यात आशा हा जरा कच्चा शब्द आहे. वेडी आशा, खोटी आशा, आशा लावून बसलाय बिचारा, आशाळभूतासारखा बघतोय, सगळीकडं एक केविलवाणेपणा. 'पाऊस येईल अशी आशा आहे' म्हणताना आपल्या मनात अर्ध्याहून जास्त 'नाही येणार' असतं. एक संस्कृत सुभाषित तुम्ही ऐकलं असेल, त्यात आशेला आश्चर्याची साखळी म्हणलंय, हिनं बांधलेले धावत सुटतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे एका जागी बसतात. तिथं आशा म्हणजे पळवणारी, दमवणारी गोष्ट.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, मूळ ग्रीक शब्द आहे 'एल्पिस'. जुन्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नुसता 'पुढं काहीतरी होणार ही अपेक्षा', मग ते चांगलं असो की वाईट. ख्रिस्ती लिखाणात मात्र तो देवाच्या वचनावर टेकलेला, खात्रीचा शब्द झाला. म्हणजे 'झालं तर बरं' नाही, तर 'ज्यानं शब्द दिलाय तो फिरवणार नाही, म्हणून मी वाट बघतोय'. अजून हातात आलेलं नाही हेही त्यात आलंच, रोमकरांस पत्रात पौल, म्हणजे सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक, सरळ विचारतो की जे डोळ्यासमोर दिसतंय त्याची कोण कशाला आशा धरेल? 13 व्या शतकात थॉमस अक्वायनस ह्या ख्रिस्ती धर्मपंडितानं ह्याची फोड फार छान केली होती: आशा ही पुढच्या, मिळायला कठीण पण मिळू शकणाऱ्या चांगल्या गोष्टीची असते, आणि तिचे शत्रू दोन, एक निराशा आणि दुसरं गृहीत धरणं. मला हे दुसरं फार पटतं, कारण खात्री म्हणलं की लोकांना वाटतं देवाला खिशात घातल्यासारखं, तसं ते नाही.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूच्या आधीच्या भागात, तर आणखी गंमत आहे. हिब्रूत आशेला 'तिक्वा' म्हणतात, इस्राएलच्या राष्ट्रगीताचं नाव हातिक्वा आहे ते त्यावरनंच. आणि हाच 'तिक्वा' शब्द यहोशवाच्या पुस्तकात दोरीसाठी येतो. यरीहो शहरात राहाब नावाची बाई इस्राएली हेरांना लपवते आणि खूण म्हणून खिडकीला किरमिजी दोर बांधते, शहर पडतं तेव्हा त्या दोरामुळं तिचं घर वाचतं. आपण मागावर बसणाऱ्यांच्या गावातली माणसं, धाग्याला पीळ कसा बसतो आणि पिळामुळं तो किती ताण सोसतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणजे बघा, संस्कृतात साखळी, हिब्रूत दोरी, नव्या करारात नांगर, तिन्हीकडं बांधलं जाणं आहेच, प्रश्न एवढाच की दुसरं टोक कशाला बांधलंय.

म्हणून मला मराठी बायबलमधला 'आशा धरणे' हा प्रयोग फार आवडतो. हल्ली आपण 'मी आशा करतो की' असं सर्रास म्हणतो, ते मला कानाला बरं वाटत नाही, आशा करायची नसते, धरायची असते, दोर धरावा तशी. जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकातलं 'परमेश्वराची आशा धरून राहणारे' हे तर भाषांतर करणाऱ्यांचं मोठं काम आहे, कारण तिथं हिब्रूत वाट बघणे ह्या अर्थाचं जे क्रियापद आहे त्याचं आणि 'तिक्वा'चं मूळ एकच. आपल्या मराठीत धरणं आणि थांबून राहणं दोन्ही 'आशा धरून राहणारे' ह्या तीन शब्दांत आलं. 'उमेद' का नाही वापरला असं कुणी विचारेल, तर फारसीत उमेद म्हणजे आशाच, पण मराठीत आल्यावर ती माणसाच्या अंगातली धमक झाली, खचली की गेली. इथं माणसाचं बळ नाही, म्हणून आशाच बरोबर.

अंत्यविधीचं म्हणाल तर आशा तिथंच सगळ्यात जास्त लागते. येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी जिवंत उठला, तसे आपलेही उठतील, हे पुनरुत्थान म्हणजे त्या नांगराचं दुसरं टोक. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की झोपी गेलेल्यांविषयी, म्हणजे मेलेल्यांविषयी, आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका. शोक करू नका एवढंच म्हणत नाही हं, रडायला बंदी नाही, येशू स्वतः आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरीपाशी रडला होता. इंग्रजीतला सिमेट्री शब्दसुद्धा 'झोपायची जागा' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरनं आलाय.

आणि ताई, तुमचा शेतातला नांगरही अगदीच वाया जात नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, 9 व्या अध्यायात, पौल मळणीच्या बैलाला मुसकी बांधू नको हा नियम सांगतो आणि लगेच म्हणतो की नांगरणाऱ्यानं आशेनं नांगरावं. विषय तिथं कष्ट करणाऱ्याच्या वाट्याचा आहे, पण चित्र आपलंच आहे. माझे चुलते ज्वारी काढून झाली की ऐन उन्हात रान नांगरायला घ्यायचे, ढेकळं इतकी मोठी की त्यावर बसून भाकरी खाता यायची. पेरणी थेट सप्टेंबर-ऑक्टोबरला, आणि नांगरताना आभाळात ढगाचा ठिपका नाही. लहानपणी मी त्यांना विचारलं, पाऊस नाही आला तर? ते म्हणाले, "आल्यावर नांगरत बसू का मग?"

मेसेजमध्ये 'आशा आहे की तुम्ही ह्यातून सावराल' असं नका लिहू, ते कोरडं वाटतं. 'पुनरुत्थानाच्या आशेत काकू विसावल्यात, आम्ही तुमच्याबरोबर आहोत' एवढं लिहा, आणि जमलं तर मेसेजपेक्षा घरीच जाऊन या.